गावात नवे आहात? आधी उत्तरं द्या, मग प्रश्न विचारा

विदर्भातल्या खेड्यात नोकरीनिमित्त नव्यानं आलेल्यांसाठी हे लिहितो आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेवर रुजू झालेले गुरुजी आणि मॅडम, उपकेंद्रातल्या सिस्टर, कृषी सहायक, बँकेच्या शाखेत आलेला तरुण, एखाद्या संस्थेकडून वर्षभरासाठी आलेली मुलं. दुसऱ्या जिल्ह्यातून लग्न होऊन आलेल्या सुनेलाही यातलं बरंच उपयोगी पडेल. या सगळ्यांकडून एकच तक्रार ऐकू येते: "लोक चांगले आहेत, चहा पाजतात, पण बोलणं 'जेवण झालं काय जी' च्या पुढे सरकत नाही."

ते सरकतं. इथली माणसं बोलकी आहेत, विचार करणारी आहेत आणि त्यांना मोठे प्रश्न आवडतातही. फक्त प्रश्नांना क्रम लागतो. वखरणी न करता पेरणी केली तर काय उगवणार? तोच क्रम खाली देतो आहे.

आधी तुमची पाळी

गावात पाऊल ठेवलं की पहिले प्रश्न तुम्हाला येतील. कोन्या गावचे जी? आडनाव काय? घरी कोन कोन असते? लग्न झालं काय? पगार किती भेटते? शहरातून आलेल्याला हे नाक खुपसणं वाटतं. मग तो हसून टाळतो किंवा एका शब्दात उत्तर देतो, आणि तिथेच दार अर्धं लागतं.

हे प्रश्न विचारले जातात ते तुम्हाला कुठेतरी बसवण्यासाठी. तुम्ही "अकोला जिल्हा" म्हणालात तर काही होत नाही. "अकोट तालुक्यातलं अमुक गाव, आमची तिथं थोडी संत्री आहेत, आई-वडील तिथंच असतात" असं म्हणालात की समोरचा म्हणतो, "अकोटाले तर आमच्या साळ्याची सासुरवाडी आहे." संपलं. आता तुम्ही परके नाही, साळ्याच्या सासुरवाडीकडचे आहात. म्हणून गावाचं नाव सांगा, तालुका सांगा, घरी काय पिकतं ते सांगा. शेती नसेल तर वडील काय करायचे ते सांगा. उत्तरात समोरच्याला धरायला काहीतरी असू द्या.

पगाराचा आकडा सांगायचा नसेल तर रागावू नका. "घरभाडं आणि बहिणीचं शिक्षण निघतं जी" हे खरं आणि पुरेसं उत्तर आहे. लग्न झालं नसेल तर तुमच्यासाठी स्थळं सुचवली जातील. ती आपुलकी समजा आणि विषय हळूच आई-वडिलांवर ढकला.

आडनावाबद्दल मात्र स्पष्ट बोलतो. आडनाव विचारण्यामागे पुष्कळदा जात जोखणं असतं. तुम्ही आडनाव सांगा, लपवण्यासारखं त्यात काही नाही. पण उलट प्रश्न करू नका आणि "म्हणजे तुम्ही कोणात?" हे तर कधीच विचारू नका. त्याऐवजी अभिवादनाकडे कान ठेवा. कोणी रामराम म्हणेल, कोणी जय भीम, कोणी जय गुरुदेव, गोंड घरांमध्ये जय सेवा, शेगावच्या बाजूला जय गजानन. जे अभिवादन येईल तेच परत द्या, मनापासून द्या. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्या घडामोडीची आठवण इथल्या गावोगावच्या घरांत आजही ताजी आहे. अशा घरी तुमच्या तोंडून सहज निघालेला "जय भीम" कितीतरी प्रश्नांची जागा घेतो.

हाक मारताना भाऊ, ताई, काकाजी, काकू, आजी पुरे आहे. वाक्याच्या शेवटी "जी" लावलात तर गोड वाटतं. पण वऱ्हाडी किंवा पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीची नक्कल करू नका. तुमची जी मराठी आहे ती बोला. बोली अंगात मुरली की आपोआप येते. आधीच ओढून आणली तर लोकांना ती चेष्टा वाटते.

जागा आणि वेळ

प्रश्न कितीही चांगला असो, मृग लागल्यावर सकाळी आठला विचारलात तर उत्तर मिळणार नाही. जूनमध्ये सगळ्यांचे डोळे आभाळाकडे असतात. पेरणी, मग डवरणी, निंदण, पुढे सोयाबीनची सोंगणी आणि लगेच कापसाची वेचणी. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानपट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, म्हणजे भाताची लावणी चालू असते, तेव्हा अख्खं गाव बांधीत, म्हणजे भातखाचरात असतं. या दिवसांत बोलायचं असेल तर वावरात जा आणि हात लावा. कापूस वेचताना बोलणं छान होतं, कारण हात गुंतलेले असतात आणि नजरेला नजर द्यावी लागत नाही. तुम्ही ओळीत मागे पडाल, बाया हसतील. हसू द्या.

पुरुष भेटतात ते पानठेल्यावर, पारावर, एसटीच्या थांब्यावर आणि आठवडी बाजाराच्या दिवशी. पानठेल्यावर खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण पुढे केलं जाईल. खात नसाल तर साधं "नाही खात जी" म्हणा, त्यावर भाषण नको. बाया दिवसभर वावरात, संध्याकाळी चुलीशी. त्यांच्याशी बोलायला दुपारची ओट्यावरची वेळ, बचत गटाची बैठक किंवा उन्हाळ्यात शेवया-कुरड्या-पापडांचे दिवस. तुम्ही पुरुष असाल तर घरातली आजी ओट्यावर असेल तेव्हाच जा, आणि सुरुवात आजीपासून करा.

बसताना त्यांच्या पातळीवर बसा. तुमच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची आणतील आणि स्वतः खाली बसतील. अशा वेळी खुर्ची बाजूला करून तुम्हीही खाली टेका. चहा नाकारू नका. कोरा चहा आला तर दूध कुठे गेलं हे विचारू नका. गोड जास्त वाटला तरी प्या. मोबाईल खिशात, वही पिशवीत. कागद-पेन दिसलं की समोरच्याला तुम्ही सर्व्हेवाले वाटता, आणि सर्व्हेवाल्याला गाव ठरलेली उत्तरं देतं: पाणी नाही, रस्ता नाही, घरकुल मिळालं नाही. ती खरीच असतात, पण ती कोणत्याही साहेबाला मिळतात.

पहिला प्रश्न समोरच्या वस्तूचा

ज्यात समोरचा जाणकार आणि तुम्ही अडाणी, असा प्रश्न शोधा. तो सहसा डोळ्यांसमोरच असतो. हा कडुलिंब कोणी लावला? या बैलाला कोणत्या बाजारातून आणलं? अंबाडीची भाजी तुमच्याकडे कशी करतात, कण्या घालून का डाळ घालून? विहिरीला पाणी किती हातावर लागलं? छताला हे कशाचं बी टांगलंय?

उलट "शेती कशी चाललीय?" हा विचारण्यासारखा प्रश्न नाही. त्याला "चाललं तसंच" याशिवाय उत्तर नसतं. "तुमच्या समस्या काय?" तर नकोच.

एक उदाहरण जरा जवळून सांगतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात खांद शेकणी चालू होती. बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात, जू वाहून घट्टा पडलेली जागा पळसाच्या पानानं शेकतात. नवा कृषी सहायक गोठ्यापाशी उभा होता. दुसरा कोणी असता तर बैलांची संख्या विचारून मोकळा झाला असता. त्यानं विचारलं, "काकाजी, खांद शेकताना बैलाला काही म्हणतात का?"

"म्हन्तात ना जी. 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' नेवतं देल्याबिगर कसं जमन?"

"तुमची पहिली जोडी आठवते?"

"आठवते म्हन्जे? बाची होती. एक मोऱ्या, एक चांद्या. चांद्याले उजव्या अंगालेच जुंपा लागे. डाव्या अंगाले लावला का जागचा हालत नोता."

"मग?"

"मंग काय, त्याच्या मनासारखं करा लागे. बाप आमचं आयकत नोता, पन चांद्याचं आयके."

इथे गोठ्यातले सगळे हसले. पोरानं थोडं थांबून विचारलं, "आता बरीच वखरणी ट्रॅक्टरनं होते. जोड्या कमी झाल्या तसं घरात काय बदललं?"

काकाजी बराच वेळ हात चोळत राहिले. मग म्हणाले, "घरी येयाची घाई नाही रायली. पह्यले दिवस बुडाला का यावंच लागे, बैलाले पानी दाखवा लागे. आता पारावर बसला मानूस, तं बसलाच."

शेणखताचा, खर्चाचा, वैरणीचा हिशेब कोणीही सांगितला असता. संध्याकाळी माणूस घरी का येतो हे त्यांनी त्या क्षणी स्वतःलाच सांगितलं. हा प्रश्न गोठ्यात शिरल्या शिरल्या विचारला असता तर वाया गेला असता. आधी वस्तू, मग आठवण, मग विचार, ही ती चढण.

दुसरा प्रश्न उत्तरातूनच काढा

नवख्या माणसाची सगळ्यात मोठी घाई इथे दिसते. समोरचा चांद्याबद्दल सांगतोय आणि याच्या डोक्यात पुढचा तयार प्रश्न फिरतोय. तयार प्रश्न सोडून द्या. उत्तरातला एक शब्द उचला आणि त्यावरच विचारा. "उजव्या अंगाला म्हणजे?" "बाप ऐकत नसे म्हणजे रागीट होते का?"

हार्वर्डच्या काही संशोधकांनी २०१७ साली अनोळखी माणसांच्या गप्पा तपासून दाखवलं की, जो जास्त प्रश्न विचारतो तो समोरच्याला जास्त आवडतो. त्यातही उत्तराला धरून पुढे विचारलेले प्रश्न सर्वात परिणामकारक ठरतात, कारण त्यातून आपलं ऐकलं गेलं हे कळतं. पारावर बसणाऱ्या कोणत्याही म्हाताऱ्याला हे ठाऊक असतं, त्याचे सगळे प्रश्न "मंग?" या एका शब्दात असतात. तोच शिका. "मग?" म्हणा आणि गप्प बसा.

गप्प बसणं खरंच जमलं पाहिजे. इथं बोलण्यात मोठमोठी विश्रांती असते. माणूस पान चघळतो, लांब बघतो, जाणाऱ्याला हाक मारतो, आणि मग मूळ मुद्द्यावर परततो. त्या मधल्या जागेत तुम्ही स्वतःची गोष्ट घुसवलीत तर तो शिष्टाचार म्हणून तुमचं ऐकेल आणि आपलं गिळून टाकेल. तुमची गोष्ट सांगा, जरूर सांगा, पण त्यानं विचारल्यावर.

आणि "काहून?" म्हणजे "का?" जपून वापरा. "तुम्ही बीटी कपाशीच का लावता?", "मुलीला पुढं का शिकवलं नाही?" यांत जाब विचारल्याचा सूर लागतो. त्याऐवजी "हे कसं ठरलं घरी?" विचारा. मग कोण काय म्हणालं, कोण रुसलं, शेवटी कोणाचं चाललं, असं सगळं बाहेर येतं.

मोठे प्रश्न

आर्थर अॅरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन अनोळखी माणसांना समोरासमोर बसवून ३६ प्रश्न दिले, तीन गटांत विभागलेले, प्रत्येक गट आधीच्यापेक्षा खोल. दोघांनी आळीपाळीनं उत्तरं द्यायची. पाऊण तासात त्यांच्यात नुसत्या गप्पा मारणाऱ्यांपेक्षा जास्त जवळीक निर्माण झालेली दिसली. ही यादी मोबाईलवर फिरत असते आणि नवे आलेले तरुण ती इथे वापरून बघतात. ती जशीच्या तशी चालत नाही. तिचा पहिलाच प्रश्न आहे, जगातल्या कोणालाही जेवायला बोलावता आलं तर कोणाला बोलवाल. ज्या घरात दारावर आलेल्याला जेवू घातलं जातं तिथं हा प्रश्न अधांतरी राहतो. शिवाय दोघांनाच बंद खोलीत पाऊण तास कोण बसू देणार? उंबऱ्यावर शेजारीण उभी असते, नातू मांडीवर असतो, बोलण्यात सगळे भाग घेतात.

पण त्या प्रयोगातल्या दोन गोष्टी इथेही शंभर टक्के लागू आहेत: हळूहळू खोल जाणं, आणि दोन्ही बाजूंनी उघडं होणं. तुम्ही स्वतःबद्दल काहीच न सांगता विचारत राहिलात तर ती मुलाखत होते.

खेड्यातल्या माणसाला तात्त्विक प्रश्न कसे झेपतील, असं कोणाच्या मनात असेल तर त्यानं गाडगेबाबांचं कीर्तन आठवावं. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव इथे जन्मलेला हा माणूस कीर्तनात उपदेश कमी करायचा आणि प्रश्न जास्त विचारायचा. देव कुठे आहे, सावकाराकडे कोण गेलं, पोराला शाळेत का घातलं नाही. समोर बसलेली हजारो माणसं एका आवाजात उत्तर द्यायची, आणि उत्तर देता देता स्वतःच्याच रूढी मोडीत काढायची. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) बघा. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं हे गोंड गाव निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं घेतं, आणि त्याआधी अभ्यासगटात विषयाचा कीस पाडतं. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या गावांत ते होतं. तिथल्या चर्चा ऐकणाऱ्याला "खेड्यातले लोक" असा शब्द पुन्हा वापरवणार नाही.

तर विचार करायला लावणारे प्रश्न विचारा, फक्त त्यांची मुळं गावाच्या मातीत असू द्या. मला चाललेले, म्हणजे ज्यांच्यावर माणसं खरंच रेंगाळली असे काही देतो.

म्हाताऱ्यांना: तुमच्या लहानपणी असलेली कोणती गोष्ट परत आली तर बरं वाटेल, आणि कोणती कधीच परत येऊ नये? या दुसऱ्या अर्ध्यात खरा जीव आहे; "जुनं ते सोनं" म्हणणारे आजोबा एकदम सांगू लागतात की आजाऱ्याला बैलगाडीत घालून रात्रभर कसं न्यावं लागे. गावात कोणाचा शब्द शेवटचा असायचा? आता कोणाचा असतो? धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं भांडण तुमच्या बापानं कसं मिटवलं होतं?

शेतकऱ्यांना: तुम्हाला सगळ्यात जास्त आवडणारं शेतातलं काम कोणतं? (हे कोणी विचारतच नाही. डवरणी म्हणणारे आहेत, रात्री पाणी देणं म्हणणारेही आहेत.) बाजारभावाची चिंता नसती तर वावरात काय पेरलं असतं? ही शेवटची ओळ कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात विचारून बघा. ज्वारी, तीळ, जवस, मूग अशी घरच्या खाण्याची नावं येतात, आणि मग ती पिकं वावरातून कशी गेली ती गोष्ट येते.

तरुणांना: पुण्याला गेलेला तुझा दोस्त आणि तू, दोघांत कोणाचं बरं चाललंय असं वाटतं? गाव सोडायचं ठरलं तर कोणती एक गोष्ट सोबत नेशील? तरुणांशी दोघं-तिघंच असताना बोला. मोठ्यांसमोर ते फक्त "हो" म्हणतात.

पोरांना सरळ तान्ह्या पोळ्याबद्दल विचारा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती लाकडी बैल घेऊन घरोघर फिरतात. तुझा बैल कोणी केला, त्याचं नाव काय, कोणाच्या घरी काय मिळालं. पोराशी दोस्ती झाली की त्याची माय स्वतःहून बोलते.

बायांशी बोलताना माहेर हा विषय कधीच रिकामा जात नाही. काही गावांत बाईला तिच्या माहेरच्या गावानंच ओळखतात, वणीवाली, दारव्हेवाली. तिचं स्वतःचं नाव कोणाच्या तोंडी नसतं. म्हणून पहिल्याच भेटीत "तुमचं नाव काय, ताई?" विचारा आणि पुढच्या वेळी त्या नावानं हाक मारा. मग माहेरची भुलाबाई आणि खिरापत. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मुली संध्याकाळी भुलाबाईची गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यातली खिरापत न बघता ओळखायची असते. एका उपकेंद्राच्या सिस्टरनं ओट्यावर तूर निवडत बसलेल्या आजीला विचारलं, तुमच्याकडे खिरापत काय असायची? आजीनं डाव उलटवला: "तूच ओयख बरं, माह्या मायनं काय केलं असन?" गोड? नाही. आंबट? नाही. शेजारच्या तीन बाया येऊन बसल्या, सगळ्यांनी अंदाज केले, सगळे चुकले. "शिळ्या भाकरीचा कुस्करा, वरून जवसाची चटनी. दुकायाचं साल होतं. घरात तेवढंच होतं, पन मायनं असं झाकून देलं का कोनाले ओयखू आलं नाही." त्यानंतर त्या ओट्यावर दुष्काळ, भूक, माय आणि लेकीला काय खाऊ घालायचं यावर जे बोलणं झालं, ते कोणत्याही पोषण आहाराच्या बैठकीत झालं नसतं.

पूर्वेकडे थोडं वेगळं

वैनगंगेच्या खोऱ्यात गेलात तर दिवाळीनंतरच्या मंडईची वाट बघा. गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, रात्रभर झाडीपट्टीची नाटकं होतात; वडसा म्हणजे देसाईगंज हे त्या नाटक मंडळींचं ठाणं. "यंदा तुमच्या गावी कोणतं नाटक?" एवढ्या प्रश्नावर कोणीही तासभर बोलेल, आणि नाटकातला मुलगा बापाशी बरोबर वागला का चूक, हा वाद सुरू झाला की तुम्हाला वेगळा मोठा प्रश्न शोधावा लागत नाही. मालगुजारी तलाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या तलावांबद्दलही विचारा: पाणी कोण वाटतं, मासे कोणाचे, शेवटचा गाळ कधी निघाला.

मेळघाटातल्या कोरकू किंवा भामरागडकडच्या माडिया गावात मराठी ही तुमची भाषा आहे, त्यांची नाही. सोबत गावातलंच कोणी घ्या, अभिवादन आणि दहा-वीस शब्द त्यांच्या बोलीतले शिका. देवाच्या जागांबद्दल आणि अंगावरच्या गोंदणाबद्दल पहिल्या भेटीत विचारू नका, फोटो तर काढूच नका. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्यांसोबत जा. कोणतं झाड कधीच तोडत नाहीत, हा तिथला उत्तम प्रश्न आहे.

हे विचारू नका

किती एकर शेती आहे, कर्ज किती, कापसाचा चुकारा, म्हणजे विकल्याचे पैसे किती आले. मुलाचं लग्न अजून का जमलं नाही. शेती करणाऱ्या पोरांची लग्नं जमत नाहीत हे गावोगावचं दुखणं आहे. मूलबाळ. दारू. आणि ज्या घरात शेतकऱ्यानं जीव दिला, त्या घरी त्याबद्दल एक अक्षर नाही. बाहेरून आलेल्या कितीतरी माणसांनी त्या ओट्यावर बसून तेच विचारलेलं असतं. तुम्ही तिथं गेलात तर मुलांच्या शाळेचं विचारा, शेळीला किती पिल्लं झाली ते विचारा.

त्या घरातली बाई स्वतःहून बोलू लागली तर मात्र उठू नका. ऐका. योजना सुचवू नका, "सगळं ठीक होईल" म्हणू नका, जे तुमच्या हातात नाही त्याचं वचन देऊ नका. बोलण्यात कोणी जगण्याचा कंटाळा आल्याचं सांगितलं तर ते हलक्यात घेऊ नका: त्या माणसाला एकटं सोडू नका, घरातल्या विश्वासाच्या माणसाला आणि आशाताईला कळवा, आणि १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक स्वतः लावून द्या. तिथे मोफत आणि मराठीतही बोलता येतं.

नंतरचं

एका ओट्यावर ऐकलेलं दुसऱ्या ओट्यावर सांगितलंत की तुमचं गावातलं काम संपलं, मग कितीही चांगले प्रश्न विचारा. गाव लहान असतं, गोष्ट तुमच्या आधी पोचते.

पुढच्या भेटीत नवा विषय काढू नका, जुना धागा उचला. "काकाजी, तुम्ही त्या दिवशी चांद्याचं सांगत होता, तो शेवटी कोणाला दिला?" लक्षात राहत नसेल तर घरी गेल्यावर वहीत लिहा: नाव, नातं, काय सांगितलं. फोटो काढला असेल तर तालुक्याला छापून आणून द्या. मोबाईलवर दाखवलेला फोटो आजीच्या भिंतीवर लागत नाही.

महिना-दोन महिन्यांत एक प्रश्न तुम्हाला येईलच: "कसं वाटलं मंग आमचं गाव?" याची तयारी ठेवा, कारण तो अगदी खरा प्रश्न असतो आणि "छान आहे" हे त्याचं उत्तर नाही. एक नेमकी चांगली गोष्ट सांगा, माणसाच्या नावासकट: अमुक काकूंनी तापात तीन दिवस डबा पाठवला. आणि एक नेमकी खटकलेली गोष्ट सांगा, तीही खरी: पांदण रस्त्यावर पावसाळ्यात पोरं शाळेत यायची थांबतात, किंवा ग्रामसभेत बाया मागेच बसतात. तुमची खटकलेली गोष्ट ऐकून कोणी वाद घातला तर बसून राहा आणि त्याचं पूर्ण ऐका.